कानाचा कागद

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात, वर्गात किंवा अंगणवाडीत लहान मूल आहे त्यांनी वेळ काढून वाचावी, एवढीच विनंती.

मी गोंदिया जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. तालुका सडक अर्जुनी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पोरं ओळखू येतील. मी डॉक्टर नाही. खाली जे लिहिलंय ते एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं म्हणून कळलं, आणि नंतर माझ्या खाज असलेल्या स्वभावामुळे थोडं वाचून काढलं.

तिसरीत एक पोरगा होता. त्याला सोनू म्हणू. वर्णनात्मक नोंदींच्या रजिस्टरमध्ये मी त्याच्यापुढे दोन सत्रं एकच वाक्य लिहिलं होतं : 'लक्ष देत नाही, सूचना पुन्हा सांगाव्या लागतात.' आज ते वाक्य वाचलं की लाज वाटते. आजार त्या वाक्यातच लिहिलेला होता आणि मी तो स्वभाव समजून पोराला शेवटच्या रांगेत बसवलं. श्रुतलेखनात 'पान'चं 'बान', 'साप'चं 'ताप'. मी लाल पेनाने गोल करत राहिलो.

आईला बोलावलं तर ती म्हणाली, "गुरुजी, घरी बी टीवीचा आवाज लय मोठा करते. मले वाटलं बापावर गेला, हेकड आहे." बापाला मात्र पटेना. त्याचा युक्तिवाद असा, की मंडईच्या दिवसांत पोरगा रातभर नाटक पायते, हासते बी. "बहिरा रायला असता त हासला असता का?" आता झाडीपट्टीच्या नाटकाचे भोंगे ज्यांनी ऐकलेत त्यांना सांगायला नको. पहिल्या रांगेत, भोंग्याच्या खाली बसलेल्या पोराला ऐकू येणारच. प्रश्न वर्गातल्या माझ्या आवाजाचा होता.

जानेवारीत तालुक्याला एक शिबिर झालं. कोणी घेतलं ते सोडून द्या, घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. मंगल कार्यालयाचा हॉल, वर पंखे, बाहेर माइकवर नावं पुकारणं चाललेलं, आणि एका कोपऱ्यात पोरांना हेडफोन लावून 'आवाज आला की बोट वर कर' अशी तपासणी. सोनूच्या हातात कागद आला : उजवा कान ६२ डेसिबल, डावा ६०. खाली शिफारस, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. पुढच्या वाटपात मशीन मिळेल म्हणाले. आणि बाजूला उभ्या असलेल्या कोणीतरी बापाला सांगितलं, "दाखला काढून घ्या, ६० च्या वर आहे, बसते."

हे तो अगदीच हवेत बोलला नव्हता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट असेल तर 'ऐकू कमी येणे' आणि ७० च्या पुढे 'बहिरेपणा' अशी व्याख्या आहे. त्यामुळे ६२ आणि ६० या दोन आकड्यांनी त्या घरात एकाच वेळी दुःख आणि आशा असं दोन्ही आणलं. बाप मजुरीवर जाणारा, घरी दीड एकर धान. त्याच्यासाठी तो कागद साधा नव्हता.

मला खटकलं ते वेगळंच. सोनू काही दिवस बरा ऐकायचा. उन्हाळ्यात बरा, सर्दीत वाईट. नसेचा बहिरेपणा असा ऋतू बघून येतो का? आरबीएसकेच्या पथकातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी टॉर्चने कान पाहिला आणि म्हणाले, "मशीन घेण्याआधी नागपूरला दाखवाच." संदर्भ चिठ्ठी त्यांनीच दिली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रजा टाकली. कोहमाऱ्याहून सकाळची एसटी, साकोली, लाखनी, भंडारा करत नागपूर. सोनू, त्याची आई आणि मी. सरकारी दवाखाना, लाइन, केसपेपर, दुसरी लाइन. तपासणीच्या खोलीत सोनू रडायला लागला, कारण त्याला वाटलं कानात सुई टोचणार. मॅडमनी मला म्हटलं, "सर, आधी तुम्ही बसा." माझ्या कानात रबराचं बोंडूक असलेली नळी घातली. कान थोडा दाबल्यासारखा, मग ओढल्यासारखा झाला, एक बारीक घूं आवाज, आणि काही सेकंदांत संपलंसुद्धा. यंत्रातून बसच्या तिकिटासारखा कागद निघाला, त्यावर एक टेकडी.

"तुम्हाला सर्दी आहे का?" मॅडमनी विचारलं. होतीच. "कागदावर दिसते. तुमची टेकडी डावीकडे सरकलीय. उणे १६०. टाइप सी."

मी शिक्षक माणूस, समजल्याशिवाय पुढे जात नाही. आणि त्या दिवशी त्यांच्याकडे गर्दी असूनही त्यांनी समजावलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तर ते जसं समजलं तसं सांगतो.

कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. त्यात हवा असते आणि तीन इवली हाडं. ही हवा नाकामागून येणाऱ्या एका नळीतून आत-बाहेर होते. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती नळी क्षणभर उघडते. नळी बंद पडली की आतली हवा शोषली जाते, दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. तेच फार दिवस चाललं तर पोकळीत पाणी साठतं, पुढे ते डिंकासारखं चिकट होतं. लहान पोरांची ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही. म्हणून कोणाला कळत नाही.

ती तपासणी म्हणजे टिम्पॅनोमेट्री. नळीच्या टोकाला तीन भोकं. एकातून आवाज जातो, एकातून परतलेला आवाज मोजला जातो, एकातून हवेचा दाब कमी-जास्त होतो. आपल्या बायका माठ भरला की नाही ते बोटाने टिचकी मारून ओळखतात ना, तसंच. पडदा मोकळा असेल तर आवाज आत शिरतो, ताठ असेल तर परत फिरतो. बाहेरचा दाब आणि पडद्यामागचा दाब ज्या ठिकाणी सारखे होतात तिथे पडदा सगळ्यात जास्त हलतो. कागदावरची टेकडी म्हणजे ती जागा. टेकडी शून्याच्या आसपास असेल तर टाइप ए. उणे १०० च्याही पलीकडे सरकली तर टाइप सी, म्हणजे नळी नीट उघडत नाहीये, जसं माझं. आणि टेकडीच नसेल, रेष आडवी सपाट, तर टाइप बी. ए-बी-सी ही नावं जेम्स जर्जर या अमेरिकी तज्ज्ञाने १९७० मध्ये रूढ केली, जगभर अजून तीच चालतात. टेकडी फार बुटकी किंवा फार उंच असेल तर त्याचेही उपप्रकार आहेत, हाडं आखडलेली किंवा सांध्यातून सुटलेली असू शकतात. ते डॉक्टरांवर सोडू.

यात सगळ्यात मोठी गोष्ट ही, की पोराला काही उत्तर द्यावं लागत नाही. बोट वर करा, मान हलवा, काही नाही. गप्प बसलं आणि रडलं नाही की झालं. म्हणून तीन वर्षांच्या पोराचीही होते. पण ही ऐकण्याची परीक्षाच नाही, हे लक्षात ठेवा. हा फक्त दरवाज्याचा अहवाल आहे, घरात कोणी आहे की नाही ते यातून कळत नाही. या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

सोनूच्या दोन्ही कानांची रेष सपाट आली. आडवी, चिखलणी करून फळी फिरवलेल्या बांधीसारखी. आई म्हणाली, "बंद पडला का जी कान?" कारण सिनेमात सपाट रेष म्हणजे काय हे तिलाही माहीत. मॅडमनी रेषेच्या खालचा आकडा दाखवला. व्हॉल्यूम, उजवा ०.६ मिली, डावा ०.७. म्हणाल्या, बी आला की आधी हा आकडा वाचायचा. लहान पोराच्या कानाच्या बोगद्यात साधारण ०.४ ते १ मिली हवा मावते. आकडा त्यात आहे आणि रेष सपाट आहे, तर पडदा शाबूत असून मागे पाणी असण्याची शक्यता जास्त. आकडा फारच लहान असेल तर समजायचं की मळ अडकलाय किंवा नळी बोगद्याच्या भिंतीला टेकलीय, पुन्हा तपासायचं. आकडा खूप मोठा असेल तर पडद्याला भोक आहे, म्हणून यंत्र पलीकडच्या पोकळीचीही हवा मोजतंय. रेष तीच सपाट, पण अर्थ तीन.

मग आवाजबंद खोलीत नीट तपासणी झाली. हेडफोनने उजवा ४०, डावा ३५. कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून दोन्हीकडे १०. म्हणजे आवाज हाडातून थेट आतल्या कानाला पोचवला की पोराला उत्तम ऐकू येतं, अडचण फक्त मध्ये आहे. शिबिरातले ६२ आणि ६० हे पंख्यांचे आणि माइकचे डेसिबल होते. तिथे हाडाची तपासणी झालीच नव्हती आणि टिम्पॅनोमेट्रीही नाही.

आता बापाची गोष्ट. परत आल्यावर मी मोठ्या आनंदाने सांगायला गेलो, मशीन नको, दाखलाही नको, पोराचा आतला कान ठणठणीत आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे हातचा गेला नं गुरुजी." मला राग आला होता, लपवत नाही. रात्री अंथरुणात विचार केला तेव्हा राग उतरला. ज्या माणसाला सरकारकडून काही मिळायचं असेल तर अंगावर काहीतरी कायमचं मोडलेलं असावं लागतं, आणि बरं होणाऱ्या पोरासाठी नागपूरच्या चार फेऱ्यांची मजुरी बुडवावी लागते, त्याने अजून काय म्हणायला हवं होतं? तो ६२ आकडा पुढच्या तपासणीत टिकला नसताच. पण त्या दिवशी त्याच्या हातातून मी काहीतरी काढून घेतलं, हे त्याच्या बाजूने खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबू. बऱ्याच पोरांचं हे पाणी या काळात आपोआप निचरतं. तोवर वर्गात पहिल्या रांगेत बसवा, तोंड पोराकडे करून बोला, फळ्याकडे बघत बोलू नका. फळ्याकडे बघत बोलणं! अठरा वर्षांची नोकरी आणि माझी तीच सवय. आणि कानात गरम तेल बंद. आपल्याकडे मोहरीचं तेल कोमट करून कानात सोडायची पद्धत घराघरात आहे. पडद्यामागच्या पाण्यावर त्या तेलाचा काडीचा उपयोग नाही, आणि पडद्याला भोक असेल तर उलट नुकसान.

मे महिन्यात सोनूची आई तेंदूपत्ता सोडून पुन्हा आली. त्या पंधरा दिवसांच्या सीझनमधला एक दिवस बुडवणं काय असतं ते आपल्या भागातल्या लोकांना माहीत आहे. रेष अजून सपाटच. नाकामागची गाठ वाढलेली होती, पोरगा तोंड उघडं ठेवून झोपायचा, घोरायचा. जूनमध्ये ऑपरेशन झालं, सरकारी दवाखान्यातच. गाठ काढली, चिकट पाणी ओढून घेतलं आणि दोन्ही पडद्यांत एकेक बारीक नळी बसवली, ग्रोमेट म्हणतात, जोंधळ्याच्या दाण्याहून लहान. ती बरेचदा सहा महिने-वर्षभरात आपोआप गळून पडते.

ऑगस्टमध्ये रोवणी आटोपल्यावर बापाने स्वतःहून पोराला नेलं, नागपूरला नाही, जवळच एका ठिकाणी. संध्याकाळी मला फोन. आवाज कापत होता. "गुरुजी, ऑपरेशन फेल गेलं म्हणते. पुन्हा बी टाइपच आला." मी म्हटलं कागदाचा फोटो पाठवा. फोटो आला. रेष सपाट. माझ्याही पोटात गोळा आला. मग मॅडमचं वाक्य आठवलं आणि खालचा आकडा मोठा करून पाहिला. उजवा २.८. डावा ३.१.

फेब्रुवारीत ०.६ होता. कान काही सहा महिन्यांत पाचपट मोठा होत नाही. पडद्यात नळी आहे, ती उघडी आहे, हवा पलीकडे जातेय, म्हणून आकडा वाढला. नळीवाल्या कानात रेष सपाटच यायला हवी. टेकडी दिसली असती तर उलट काळजी होती, नळी बुजली किंवा पडली असा अर्थ झाला असता. मॅडमना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर : "मस्त. दोन्ही नळ्या चालू." मी बापाला फोन करून सांगितलं, हा बी चांगला बी आहे. तो म्हणाला, "एकच अक्षर आन् दोन अर्थ, मंग लिहितेच कायले?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतं का?

सोनूचं इथे संपतं. पण ही पोस्ट मी त्याच्यासाठी लिहायला घेतली नव्हती.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आहेत. सोनूचं सगळं त्यांनी बघितलेलं. एक दिवस त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आणला. भाचीचा. शेजारच्या गावची पोरगी, चार वर्षांची, अंगणवाडीत जाते, बोलत नाही. तिला छकुली म्हणू. दीड वर्षापूर्वी एका खासगी ठिकाणी दाखवलं होतं, तिथे सांगितलं की कान नॉर्मल आहे, काही पोरी उशिरा बोलतात. कागदावर दोन सुंदर टेकड्या. दोन्ही कान टाइप ए. घरच्यांनी तो कागद देवाच्या फोटोमागे जपून ठेवला होता.

दरवाजा उघडा आहे, घरात कोणी आहे की नाही ते माहीत नाही.

त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात दुसरी तपासणी होती. मोठा आवाज झाला की मध्यकर्णातला एक बारका स्नायू आपोआप आखडतो, शरीरातला हाडाला जोडलेला सगळ्यात छोटा स्नायू तो. साधारण ७० ते १०० डेसिबलच्या आवाजाला तो दाद देतो आणि यंत्र ते टिपतं. छकुलीच्या कागदावर दोन्ही कानांत, सगळ्या आवाजांना, एकच शब्द : अनुपस्थित. सोनूसारखं पाणी असतं तर स्नायू हललेला दिसत नाही, ते समजण्यासारखं. पण पडदा मोकळा, टेकडी छान, आणि तरीही इतक्या मोठ्या आवाजाला स्नायू ढिम्म? मी डॉक्टर नाही, पण तिसरीच्या पोरालाही इथे प्रश्न पडावा. वरचा अर्धा कागद वाचून 'नॉर्मल' म्हटलं गेलं आणि खालचा अर्धा दीड वर्ष देवामागे राहिला.

नागपूरला बेरा तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून, कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. दोन्ही बाजूंनी तीव्र बहिरेपणा, जन्मापासूनचा. ज्या पोराला मशीनची गरज नव्हती त्याला शिबिरात दोन मशीन लिहून दिली, आणि जिला खरी गरज होती तिला घरी पाठवलं. भाषा शिकण्याची पहिली तीन वर्षं सोन्याची असतात. तिचं दीड वर्ष त्या कागदाने खाल्लं. आता मशीन लागलीय, आठवड्याला स्पीच थेरपीला नेतात, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी कागदपत्रं चालू आहेत. मागच्या रविवारी गेलो होतो. कुकरची शिटी झाली आणि तिने मान वळवली. तिची आजी तिला तीच शिटी ऐकवायला पुन्हा पुन्हा कुकर लावते म्हणे, घरात रोज डाळ.

आता सार्वजनिक प्रश्न. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या ३० आजारांपैकी तीन थेट कानाचे आहेत : जन्मजात बहिरेपणा, मध्यकर्णाचा दाह आणि ऐकण्यातली तूट. अंगणवाडीची पोरं वर्षातून दोनदा, शाळेची एकदा. कागदावर याहून चांगलं काय असणार? पण पथकाच्या पेटीत कानासाठी घंटी आणि खुळखुळा. ३५-४० डेसिबल तूट असलेला सोनू घंटीला दरवेळी वळून बघायचा आणि पास व्हायचा. पथकातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांनीच तर चिठ्ठी दिली. पण टिम्पॅनोमेट्रीचं हाताएवढं यंत्र मिळतं, बॅटरीवर चालतं. एका तालुक्याला एक असलं तरी पथकासोबत फिरू शकतं. शिबिर घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, की हाडाची तपासणी आणि टिम्पॅनोमेट्री झाल्याशिवाय पोराच्या नावावर मशीन लिहू नका, आणि मंगल कार्यालयात पंख्याखाली ऐकणं मोजू नका. आणि अहवालाखाली मराठीत दोन ओळी हव्यात. 'टाइप बी, व्हॉल्यूम मोठा, नळी उघडी आहे, चिंता नाही' हे लिहायला किती शाई लागते?

बाळंतपण होतं त्याच दवाखान्यात बाळाचा कान तपासला गेला तर छकुलीचा प्रश्नच येणार नाही. ओएई नावाची चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. एक बारकावाही मॅडमनी सांगितला होता : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची टिम्पॅनोमेट्री करायची तर नेहमीचा २२६ हर्ट्झचा आवाज चालत नाही, १००० चा लागतो, नाहीतर आत पाणी असूनही टेकडी छान दिसू शकते. तुमच्या बाळाची कुठे केली असेल तर एवढं विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर रागावू द्या.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या रजिस्टरमध्ये 'लक्ष देत नाही' लिहिलेली पोरं किती आहेत ते उद्या मोजा. माझ्या शाळेत मोजली तर सात निघाली. सातही जणांना पथकाच्या पुढच्या भेटीत दाखवणार आहे, यादी मुख्याध्यापकांच्या सहीने तयार आहे. ज्यांना कागद वाचायला मदत हवी त्यांनी मला इनबॉक्स करा. मी निदान सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण कोणता आकडा डॉक्टरांना विचारायचा तेवढं सांगू शकतो.

सोनू आता चौथीत आहे. डावी नळी पडली, उजवी अजून आहे, म्हणून त्याला बोडीत डुबकी मारायला मनाई आहे आणि तो काठावर बसून बाकीच्यांना शिव्या घालतो. मागच्या महिन्यात मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटलो तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "गुरुजी, आयकू आलं मले."